पहिला मॉनिटर: इंच नंतर, आधी पीपीआय बघा

२७ इंची फुल एचडी स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच घेऊ नका. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. रेझोल्यूशन (आडव्या-उभ्या पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, संख्या) तेच ठेवून स्क्रीन मोठा केला की पिक्सेल वाढत नाहीत, नुसते मोठे होतात. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०; २४ इंचांवर साधारण ९२ पीपीआय, म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. २७ इंचांवर तेच ८२ वर येतात. आपल्या लिपीत हा फरक चटकन जाणवतो: बारीक मजकुरात ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणून दुकानात डेमो व्हिडिओवर जाऊ नका. मराठी मजकुराचं एखादं पान उघडायला सांगा आणि हातभर अंतरावरून वाचून बघा.

दिवसभर वाचन-लेखन असेल तर माझं मत असं:

- बजेट कमी असेल तर २४ इंच, फुल एचडी.
- थोडं ताणता आलं तर २७ इंच, २५६०×१४४०. सुमारे १०९ पीपीआय. बहुतेकांनी हाच घ्यावा.
- अक्षरं छापल्यासारखी हवीत तर २७ इंची फोर-के (३८४०×२१६०), १६३ पीपीआय. विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हं किती मोठी दिसावीत ते) १५० टक्के ठेवा.

अक्षरं लहान वाटली तर रेझोल्यूशन कमी करू नका, सगळंच धूसर होतं. स्केलिंग वाढवा. आणि फोर-के घेण्याआधी लॅपटॉपचं मॉनिटर जोडायचं पोर्ट तपासा: एचडीएमआय १.४ (जुनी आवृत्ती) असेल तर फोर-के ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच, चालतं आणि माऊस अडखळत सरकतो.

एचडीआर, कलर गॅमट वगैरे सध्या बाजूला ठेवा. लॅपटॉपचं मॉडेल कळवा, पोर्ट कुठलं आहे ते बघून सांगतो.