दोन चित्रं, एकच माणूस

प्रिय चिऊ,

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात तू दोन तैलचित्रं पाहिलीस, एक पुरुषाचं, एक बाईचं, आणि मी म्हटलं, हे गृहस्थ आणि ही बाई एकच. परतीच्या विमानात तू विचारलंस, "म्हणजे ते लोकांना फसवायचे का?" मी पेंगत होते, काहीतरी पुटपुटले. आता नीट सांगते.

फसवणं नव्हतंच गं. शालूआड बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस नावाचे नट, आहेत हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायचं. त्या काळी घरंदाज बायका नाटकात काम करत नसत, म्हणून पुरुषच स्त्रीपार्ट करायचे. सगळे हेच कारण सांगतात, पण मला ते अपुरं वाटतं. नाइलाज म्हणून लुगडं नेसलेल्या नटाची कुठली बाई नक्कल करेल? यांची केली! पदर कसा घ्यायचा, अंबाडा कसा घालायचा, हे बायका नाटकात बघून घरी करायच्या. माझी पणजीसुद्धा, असं आजी सांगते. (आजीचं तिखटमीठ वजा कर.)

हॅलोविनला तू वाघ होतेस तेव्हा खालून तुझे बूट दिसतात, आणि मजा त्यातच असते. इथे तसं नाही. ही चित्रं गोपाळ देऊसकरांची. त्यांनी बाईच्या चित्रात पुरुष डोकावू दिला नाही, त्याला वेगळं चित्र दिलं. म्हणून ती दोन्ही एकत्रच वाचायची.

अशा चित्रांत वेषावरून भूमिकाही ओळखता येते. शालू आणि दागिन्यांनी मढलेली राजकन्या असेल तर 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१६ची. दागिना नाही, समोर जातं, तर 'एकच प्याला'मधली सिंधू, १९१९ची. तिचा नवरा दारूपायी सगळं घालवतो. गंधर्वांना मात्र भारी शालू आणि अत्तरांचा भलता सोस, त्यांची नाटक कंपनी कर्जात बुडाली तरी.

१९३५मध्ये 'धर्मात्मा' सिनेमात ते संत एकनाथ झाले, पुरुषवेषात. लोकांच्या डोळ्यांपुढून रुक्मिणी काही हलेना. ते १९६७ साली गेले, रंगमंदिर सुरू झालं १९६८मध्ये.

"मग खरे कुठले?" हाही तुझा प्रश्न होता. बाबा म्हणतो, पुरुषवेषातले. मी म्हणते, शालूतले. जेवताना यावरून आमचं वाजलंय, तू कुणाच्या बाजूने ते कळव.

तुझी,
आई