वाचकांचे प्रश्न: ऑफिसचं रोजचं काम कोणत्या ऑटोमेशनवर सोपवावं?

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: टूल कोणतं घेऊ? आमच्या मते टूलचं नाव नंतर बघावं. माहिती आज कुठे साठवलेली आहे आणि तुम्ही रजेवर असताना काम अडलं तर ते कोण सुरू करणार, या दोन गोष्टी आधी कागदावर लिहा. निम्मे पर्याय तिथेच गळतात.

प्रश्न : करसल्लागाराच्या ऑफिसात आम्ही सहा जण आहोत. ३१० अशील आहेत. सगळ्यांकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड आहे. अशिलांनी मेलवर पाठवलेली बिलं फोल्डरात साठवायची आणि जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी, म्हणजे जीएसटीआर-१ च्या ११ तारखेआधी, ३बी च्या २० तारखेआधी आठवणीचा मेल पाठवायचा, एवढंच काम आहे. कोणी झॅपियर सुचवतं, कोणी मॅक्रो, कोणी पॉवर ऑटोमेट. (सांगली)

पॉवर ऑटोमेट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ऑटोमेशन टूल, घ्या. तुमचे मेल, फाइली आणि यादी तिन्ही मायक्रोसॉफ्टच्याच घरात आहेत. आउटलुक, वनड्राइव्ह, शेअरपॉइंट आणि एक्सेल यांचे कनेक्टर (फ्लोला त्या ॲपशी जोडणारे दुवे) 'स्टँडर्ड' गटात मोडतात, म्हणजे तुमच्या सध्याच्या वर्गणीत ते वापरता येतात. झॅपियर ही वेगवेगळी ॲप्स जोडणारी बाहेरची सेवा, तिला वेगळे पैसे पडतील, शिवाय अशिलांची बिलं आणखी एका कंपनीच्या सर्व्हरवरून जातील. मॅक्रो म्हणजे एक्सेल-आउटलुकच्या आत व्हीबीए भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम; तो चालायला कुणाचा तरी संगणक सुरू हवा आणि त्यावर एक्सेल किंवा आउटलुक उघडं हवं. 'नवीन आउटलुक'मध्ये तर व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत.

बिलांचा फ्लो (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) असा बांधा. सुरुवात 'नवीन ईमेल आल्यावर' या ट्रिगरने, म्हणजे फ्लो सुरू करणाऱ्या घटनेने, करा. त्यात 'फक्त अटॅचमेंट असलेले' आणि 'अटॅचमेंटसह' हे दोन्ही पर्याय 'होय' ठेवा. मग प्रत्येक अटॅचमेंटसाठी एक अट घाला: फाइलचं नाव 'पीडीएफ'ने संपत असेल तरच साठवायची. ही अट विसरलात तर मेलच्या सहीतले लोगो आणि फेसबुकची बारकी चित्रंही फोल्डरात येऊन पडतात, कारण आउटलुक त्यांनाही अटॅचमेंटच समजतं. फाइलच्या नावाआधी मेल आल्याची तारीख आणि वेळ जोडा. 'बिल.पीडीएफ' या एकाच नावाने दहा अशील पाठवतात आणि मग कुठलं कोणाचं ते कळत नाही.

आठवणीच्या फ्लोत चार ठिकाणी हमखास ठेच लागते.

पहिली, एक्सेलमधली यादी. नुसत्या ओळी लिहून भागत नाही. अशिलांची यादी निवडून कंट्रोल-टी दाबा आणि तिचं 'टेबल' करा, नाहीतर फ्लोला ती दिसत नाही. टेबलमधल्या ओळी वाचणारी क्रिया मुळात फक्त २५६ ओळी आणते. तुमचे अशील ३१०, म्हणजे शेवटच्या ५४ जणांना मेल जाणार नाही आणि फ्लो मात्र हिरव्या खुणेसह 'यशस्वी' दाखवेल. सगळ्यांत घातक चूक हीच, कारण ती कुठेच दिसत नाही. त्या क्रियेच्या सेटिंग्जमध्ये 'पेजिनेशन' (ओळी टप्प्याटप्प्याने आणणं) सुरू करा आणि मर्यादा १००० ठेवा.

दुसरी, वेळ. वेळापत्रकाच्या ट्रिगरमध्ये टाइम झोन रिकामा सोडला की घड्याळ यूटीसीचं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागचं, धरलं जातं. तुम्ही सकाळचे ९ लिहिता आणि मेल दुपारी अडीचला जातो. यादीतून 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' निवडा.

तिसरी, तारीख. एक्सेलमधली १ एप्रिल २०२४ ही तारीख फ्लोत ४५३८३ अशी येते आणि अशिलाला तशीच्या तशी जाते. ओळी वाचणाऱ्या क्रियेच्या प्रगत पर्यायांत तारखेचा नमुना 'आयएसओ ८६०१' (वर्ष-महिना-दिवस) करा.

चौथी, फाइलचं कुलूप. फ्लोने एक्सेल वापरल्यावर फाइल सहा मिनिटांपर्यंत अडकलेली राहू शकते. फ्लो चालून गेल्यावर लगेच ती फाइल बदलायला किंवा हलवायला जाऊ नका.

ज्याच्या नावाने मेलचं कनेक्शन जोडलंय त्याने पासवर्ड बदलला किंवा नोकरी सोडली की फ्लो थांबतो. आजच दुसऱ्या एकाला सहमालक करून ठेवा आणि कनेक्शन पुन्हा कसं जोडायचं ते त्याच्याकडून एकदा करवून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत १४८ सदनिका आहेत. मेंटेनन्सचा हिशेब गूगल शीटमध्ये असतो, जीमेल साधं फुकटचं. दर महिन्याला प्रत्येकाला त्याच्या थकबाकीचा मेल जावा असं वाटतं. खर्च करायला कमिटी तयार नाही. (ठाणे, खजिनदार)

खर्चाची गरजच नाही. शीटमध्ये 'एक्स्टेन्शन्स'खाली ॲप्स स्क्रिप्ट ही छोटे प्रोग्राम लिहायची सोय आहे, त्यात वीसेक ओळींत हे काम होतं. अडचण एकच. फुकटच्या खात्यातून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच मेल जातात. गूगलचं संस्थांसाठीचं वर्कस्पेस खातं असेल तर हा आकडा १५०० आहे. मोजणी मेलची नसून माणसांची होते. एका सदनिकेचा मेल नवरा-बायको दोघांना पाठवलात की दोन धरले जातात.

म्हणून शीटमध्ये 'पाठवले' नावाचा एक स्तंभ वाढवा. स्क्रिप्टने वरून खाली एकेक ओळ वाचायची, त्या स्तंभात या महिन्याची तारीख असेल तर पुढे जायचं, नसेल तर मेल पाठवायचा आणि लगेच तिथे तारीख टाकायची. तारखा सगळ्या मिळून शेवटी टाकायच्या असं मुळीच करू नका. १०१व्या मेलला स्क्रिप्ट त्रुटी देऊन थांबते, शेवटच्या ओळीपर्यंत पोचतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शंभर जणांना तोच मेल पुन्हा जातो. लोक मग खजिनदाराला फोन करतात. पाठवण्याआधी उरलेला कोटा किती हे विचारण्याची सोयही स्क्रिप्टमध्ये आहे. शून्य आला की शांतपणे थांबायला सांगा.

स्क्रिप्टच्या पानावर डावीकडच्या घड्याळाच्या चित्रावर जाऊन रोजचा ट्रिगर लावा. सकाळी ८ ते ९ असा तास निवडला की त्या तासात केव्हातरी स्क्रिप्ट चालते, नेमकं मिनिट हाती नसतं. एका खेपेला जास्तीत जास्त सहा मिनिटं मिळतात, शंभर मेलना ती पुरतात. पहिल्यांदा चालवताना गूगल 'हे ॲप पडताळलेलं नाही' असा इशारा देईल. स्क्रिप्ट तुमची स्वतःची असेल तर 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा. दुसऱ्याकडून आणलेली असेल तर आधी वाचून घ्या, कारण त्या परवानगीने ती तुमच्या नावाने कोणालाही मेल पाठवू शकते.

आणि ट्रिगर व्यक्तीच्या खात्यात लावू नका. सोसायटीच्या नावाचं खातं काढा. कमिटी बदलते, हिशेब तिथेच राहतो.

प्रश्न : शाळेचे दाखले छापण्यासाठीची मॅक्रोची फाइल नवीन संगणकावर चालत नाही, लाल पट्टी येते. आणि मॅक्रोत मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं दिसतात. आता हे सोडून पॉवर ऑटोमेट घ्यावं का? (लातूर, लिपिक)

सोडू नका. एका संगणकावर एक्सेलमधून छापायच्या कामाला मॅक्रो अजूनही उत्तम आहे. मेलवरून किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली, लाल पट्टी त्याचीच. फाइल कुठून आली याची खात्री असेल तर एक्सेल बंद करा, फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, तळाशी 'अनब्लॉक'वर खूण करून 'ओके' करा. फाइल 'एक्सएलएसएम' प्रकारातच साठवा. 'एक्सएलएसएक्स' केलीत तर मॅक्रो उडून जातो.

प्रश्नचिन्हांचं कारण वेगळं आहे. व्हीबीएचा संपादक (मॅक्रो लिहायची खिडकी) युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातला आहे, देवनागरी अक्षरं तो साठवूच शकत नाही. मराठी मजकूर मॅक्रोत लिहू नका. 'मजकूर' नावाची एक शीट करा, बी२ मध्ये 'शाळा सोडल्याचा दाखला', बी३ मध्ये 'जन्मतारीख' असं लिहा आणि मॅक्रोने ते तिथून उचलावं. सेलमधून सेलमध्ये जाताना मराठी शाबूत राहतं. संदेशाच्या चौकटीत मात्र पुन्हा प्रश्नचिन्हं येतील, म्हणून सूचनाही सेलमध्येच दाखवा. जुन्या नोंदी कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर 'पाटील' शोधायला गेल्यावर जुन्या नोंदींतला एकही पाटील सापडणार नाही.

प्रश्न : पतसंस्थेच्या १२ शाखांच्या एक्सेल फाइली दर महिन्याला एकत्र कराव्या लागतात. (सातारा)

तुम्हाला ऑटोमेशनचं टूल नको, एक्सेलमधली माहिती एकत्र करणारी पॉवर क्वेरी पुरे. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. 'डेटा' मेनूतून 'गेट डेटा', मग 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर', मग 'कम्बाइन'. पुढच्या महिन्यात फाइली फोल्डरात टाकून 'रिफ्रेश' दाबायचं. सगळ्या शाखांत शीटचं नाव आणि स्तंभांची शीर्षकं अक्षरशः सारखी हवीत. 'रक्कम'पुढे एक मोकळी जागा पडली तरी त्या शाखेचा स्तंभ रिकामा येतो. एकत्र केलेली फाइल त्याच फोल्डरात ठेवू नका, ती स्वतःलाच मोजते.

प्रश्न : वेबसाइटवर महिन्याला साधारण ३०० ऑर्डरी येतात. प्रत्येक ऑर्डर शीटमध्ये, ग्राहकाला मेल आणि गोदामाला संदेश, असं हवंय. झॅपियर, मेक की एनएटएन (n8n)? (कोल्हापूर)

ही तिन्ही वेगवेगळी ॲप्स जोडणारी टूल्स आहेत; वापर मोजण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी, ती आधी समजून घ्या. झॅपियर ट्रिगर मोजत नाही, यशस्वी झालेल्या क्रिया मोजतं: ३०० गुणिले ३, म्हणजे ९०० टास्क. मेक प्रत्येक पायरी मोजतं, ट्रिगरसकट: ३०० गुणिले ४, म्हणजे १२००. शिवाय दर १५ मिनिटांनी 'नवीन ऑर्डर आहे का' अशी तपासणी लावली तर रोज ९६, महिन्याला २८८० तपासण्या होतात, आणि काही सापडलं नाही तरी त्या धरल्या जातात. म्हणून मेक वापरणार असाल तर ट्रिगर वेबहुकचाच घ्या, म्हणजे ऑर्डर आली की वेबसाइट स्वतःच कळवते आणि तेव्हाच गाडी हलते. एनएटएनच्या क्लाउड योजनेत एक पूर्ण फेरी म्हणजे एक मोजणी, अशा ३००.

शिकायला झॅपियर सगळ्यांत सोपं. ऑर्डरीत चार-पाच वस्तू असतील आणि प्रत्येकीची वेगळी ओळ हवी असेल तर मेकमध्ये ते नीट दिसतं, आमचा कौल तिकडे. एनएटएन स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतं, पण अपडेट आणि बॅकअप पाहणारा माणूस जवळ असेल तरच बसवा. त्यातले सगळे पासवर्ड एका गुप्त किल्लीने कुलूपबंद असतात. डेटाबेसचा बॅकअप घेतलात आणि ती किल्ली वेगळी जपून ठेवली नाहीत, तर सर्व्हर बदलल्यावर प्रत्येक कनेक्शन पहिल्यापासून जोडावं लागेल.