खडक वितळतो, विरघळतो की त्याला रस सुटतो?

मुलांसाठी भूगोलाचा मजकूर लिहिणाऱ्या एका मैत्रिणीने तिचे एक वाक्य तपासायला पाठवले : ‘पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णतेने खडक विरघळतो आणि लाव्हारस तयार होतो.’ तिची शंका एवढीच की ‘विरघळतो’ हवे की ‘वितळतो’, आणि लाव्हारस म्हणावे की शिलारस.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. जमिनीखाली असेपर्यंत शिलारस, बाहेर पडला की लाव्हा. ‘लाव्हा’ हा शब्द इटालियनमधून आला, व्हेसूव्हियसच्या उतारावरून वाहत येणाऱ्या प्रवाहांवरून. त्यामुळे वाहत बाहेर येणे हे त्याच्या अर्थातच आहे. ‘लाव्हारस’ हे त्याला आपण जोडलेले शेपूट. बोलताना ते खटकत नाही, पण भूगर्भातल्या द्रवासाठी वापरू नये. शिलारस हे एका झाडाच्या सुगंधी चिकाचेही जुने नाव आहे. वैद्यकाच्या ग्रंथात तो भेटला तर दचकू नका.

आता क्रियापद. मेण वितळते, मीठ विरघळते. वितळायला पदार्थाला स्वतःखेरीज कोणी लागत नाही. विरघळायला मात्र आधी एक द्रव हवा, ज्यात जायचे. बोलीत दोन्ही एकमेकांच्या जागी येतात, बर्फ विरघळला असे आपण सर्रास म्हणतो आणि ते चूक म्हणण्याचा हट्ट मी धरणार नाही. शास्त्राच्या मजकुरात मात्र हा भेद जपावा, कारण शिलारसाच्या बाबतीत दोन्ही क्रिया खरोखर घडतात. खडक वितळतो आणि त्या द्रवात पाणी विरघळते. खोलवरच्या दाबाखाली ते विरघळलेले राहते. शिलारस वर येऊ लागला की दाब घटतो, पाण्याची वाफ सुटी होऊन बुडबुडे धरतात आणि ज्वालामुखीचा स्फोट घडवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद घातले तर हे सांगायला शब्दच उरत नाही.

पण मला त्या वाक्यात सर्वात जास्त अडला तो ‘प्रचंड उष्णतेने’ हा शब्दप्रयोग. ही तृतीया वाचकाच्या डोळ्यांपुढे भट्टी उभी करते : खाली जाळ, वर खडक. प्रत्यक्षात कवचाखालचे प्रावरण सुमारे 2,900 किलोमीटर खोलीपर्यंत जवळजवळ सगळे घन आहे. भूकंपाचे दुय्यम तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत, ते प्रावरणातून आरपार जातात. त्याखालचा बाह्य गाभा द्रव आहे खरा, पण तो मुख्यतः लोखंड आणि निकेलचा. ज्वालामुखीतून येतो तो रस तिथला नव्हे. प्रावरण तापलेले आहेच, पण वरच्या खडकांचा दाब त्याला वितळू देत नाही.

मग तो वितळतो कसा? एक वाट दाब उतरण्याची. प्रावरणाचा घन खडक वर्षाला काही सेंटीमीटर अशा गतीने वर सरकतो. येताना तो फारसा निवत नाही, पण डोक्यावरचा भार कमी होत जातो आणि एका टप्प्यावर, कोणतीही नवी उष्णता न मिळता, तो वितळू लागतो. महासागरांच्या तळाशी मधोमध धावणाऱ्या पर्वतरांगांखाली आणि हवाई बेटांखाली हेच चालते.

दुसरी वाट पाण्याची, आणि ती मला अधिक विलक्षण वाटते. अँडीज पर्वताखाली किंवा जपानखाली सागरतळाचा थंड भूपट्ट प्रावरणात घुसतो. थंड वस्तू आत जाते आणि वर ज्वालामुखी पेटतात! त्या भूपट्टाच्या खनिजांत बांधलेले पाणी खोल गेल्यावर सुटते आणि वरच्या तप्त खडकात शिरते. मिठाने बर्फ कमी तापमानाला वितळावा तसा पाण्यामुळे खडकाचा द्रवणांक काहीशे अंशांनी खाली येतो. उष्णता वाढवून वितळण्याचे उदाहरण हवेच असेल तर तिसरी वाट आहे : वर आलेला बेसाल्टी शिलारस, सुमारे 1,200 अंश सेल्सिअसचा, कवचातल्या खडकाला तापवून वितळवतो. ग्रॅनाइटचा बराचसा शिलारस असा होतो.

यातल्या कोणत्याही वाटेने गेले तरी सहसा अख्खा खडक वितळत नाही. सागरी पर्वतरांगांखाली साधारण 10 ते 20 टक्के भागच द्रव होतो. कमी तापमानाला वितळणारे घटक आधी द्रवात जातात, बाकीचे स्फटिक जागेवर राहतात. कणांच्या सांध्यांतून हा द्रव एकत्र येतो आणि हलका असल्याने वर चढतो. याला परिभाषेत ‘आंशिक वितळण’ म्हणतात, पण मराठीत याहून नेमके बोलणे आधीपासून आहे : रस सुटणे. वस्तू जागेवर राहते, तिच्यातून द्रव वेगळा होतो.

म्हणून ‘शिलारस’ हा समास मला फार आवडतो. शिला हाच रस, असा विग्रह केला तर तो नुसता पातळ झालेला दगड ठरतो. शिलेचा रस, असा षष्ठी तत्पुरुष मानला की फळ आणि फळाचा रस यांत जो फरक, तोच इथेही दिसतो. प्रावरणाचा खडक पेरिडोटाइट, त्यातून सुटणारा रस बेसाल्टच्या जातीचा. त्यात सिलिका अधिक, मॅग्नेशियम कमी. खडक एक आणि त्याचा रस निराळा, हे भूशास्त्रातले मोठे सत्य या चार अक्षरांत मावते.

मैत्रिणीला मी वाक्य असे बदलून दिले : ‘पृथ्वीच्या पोटातला खडक तापलेला पण घन असतो. त्याच्यावरचा दाब उतरला, त्यात पाणी शिरले किंवा त्याला आणखी उष्णता मिळाली, तर त्याचा काही भाग वितळतो. असा खडकाला सुटलेला रस म्हणजे शिलारस. तो जमिनीबाहेर आला की त्याला लाव्हा म्हणतात.’ एका वाक्याची चार झाली. तिने चारही ठेवली आहेत.