किनाऱ्याची परवानगी: पैसे भरलेत, पण कशाचे?

प्रश्न (खानापूर): कारवार तालुक्यात समुद्राजवळ पाच गुंठे जागा घेतली. ग्रामपंचायतीने शुल्क घेऊन पावती दिली. आता घर बांधायला हरकत नाही ना?

हरकत आहे की नाही, हे ती पावती सांगत नाही. शुल्क अर्जाच्या तपासणीचे किंवा पंचायतीच्या सेवेचे असते. बांधकाम होणार की नाही, हे भरतीरेषेपासूनच्या (भरतीचे पाणी जिथवर पोहोचते त्या रेषेपासूनच्या) अंतरावर ठरते. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त लोकवस्ती असेल तर 50 मीटर, नसेल तर 200 मीटर पट्टा 'ना विकास क्षेत्र' ठरतो. समुद्र लांब दिसला म्हणून काळी नदीच्या मुखाशी जागा घेणारे इथेच फसतात. भरतीचे पाणी शिरते त्या नदी-खाडीच्या काठालाही 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी तेवढा पट्टा लागतो. भरतीचा प्रभाव कुठवर, ते ऐन उन्हाळ्यातल्या खारटपणावर (हजारात 5 भाग) मोजतात.

म्हणून क्रम असा ठेवा. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या गावपातळीवरच्या नकाशात (प्रमाण 1:3960) शोधा. जागा पट्ट्याबाहेर निघाली तरच एन.ए. (बिगरशेती परवानगी) आणि बांधकाम शुल्काचा विचार करा. स्वतः राहण्याचे घर 300 चौरस मीटर बांधकामापर्यंत असेल, तर किनारा प्राधिकरणाच्या शिफारशीशिवाय स्थानिक संस्था मंजुरी देऊ शकते. बहुतेक जण नेमके उलटे करतात: आधी एन.ए.चे पैसे, मग विकास शुल्क, शेवटी नकाशा. तोवर पैसे अडकलेले असतात. आणि पंचायतीच्या परवान्याने पुढे संरक्षण मिळतेच असे नाही. केरळात कोचीजवळच्या मरडू इथली चार गृहसंकुले पंचायतीच्या परवान्यावर उभी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती जानेवारी 2020 मध्ये पाडली गेली.

प्रश्न (निपाणी): वेंगुर्ल्यात वाळूवर हंगामी शॅक टाकायचा आहे. भाडे कोणाला द्यायचे? गावातला एक जण 'जागा माझी' म्हणतो.

भरतीच्या पाण्याखाली जाणारा तळ त्याचा असू शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 20 प्रमाणे समुद्र आणि खाडीचा तळ राज्य सरकारचा. कर्नाटकात 1964 च्या अधिनियमाचे कलम 67 तेच सांगते. वरची कोरडी वाळू मात्र खाजगी सर्व्हे नंबरात असू शकते, तेव्हा सातबारा पाहूनच बोला. शॅक भरतीरेषेपासून किमान 10 मीटर लांब हवा.

भरायच्या रकमा वेगवेगळ्या असतात आणि त्या एकाच चलानावर मागितल्या तर थांबा. अर्जाचे शुल्क सहसा परत मिळत नाही. जागेचे भाडे सरकारी महसूल म्हणून जमा होते. अनामत मात्र सरकारचे उत्पन्न नसते. ती लोकलेख्यात (सरकारकडे ठेव म्हणून असलेल्या पैशांच्या खात्यात) राहते आणि परत मागता येते. बोटी किंवा जलक्रीडा असतील तर सागरी मंडळाचा परवाना वेगळा, त्याचे पैसेही वेगळे. महाराष्ट्रात चलान 'ग्रास' या सरकारी संकेतस्थळावर निघते, कर्नाटकात 'खजाने-2'वर. कन्नड वाचता आले नाही तरी लेखाशीर्षाचा (रक्कम कोणत्या सदराखाली जमा होते त्याचा) आकडा वाचता येतो. तो मागणीपत्राशी जुळवा. अनामत अडकते ती बहुधा नावामुळे: अर्ज एकाचा, पैसे भागीदाराच्या खात्यातून. ज्याचा अर्ज त्याच्याच नावाने भरा. हंगाम संपल्यावर जागा मोकळी केल्याचा पंचनामा करून घ्या आणि मूळ चलानासह अर्ज द्या.

जीएसटी नोंदणी असेल तर सरकारी जागेच्या भाड्यावरचा 18 टक्के कर उलट आकारणीने तुम्हीच भरायचा. सरकारी बिलात तो दिसत नाही म्हणून लोक विसरतात आणि पुढे व्याज भरतात.

प्रश्न (बेळगाव): एजंट म्हणतो, 'बांधून टाका, नंतर दंड भरून नियमित करून देतो.' असे होते का?

होत नाही. जे बांधकाम मुळातच चालत नाही, ते दंड भरून चालू होत नाही. दंड भरूनही ते पाडावे लागू शकते. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली आता दंड 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत आहे. तो ठरवतो सरकारने नेमलेला अधिकारी आणि तोही चौकशीनंतर. तेव्हा एजंटने आजच सांगितलेल्या 'दंडा'च्या रकमेला काही आधार नाही. त्याच्या हातात रोख देऊ नका.