भाचीने चौथ्या वर्षीच टेन्युअरची फाइल द्यावी का?

मामा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची भाची अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत समाजकार्य शिकवते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, झाल्यावर आठ वर्षं तिने हॉस्पिटलात आणि मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांच्या शेल्टरमध्ये काम केलं, मग पीएचडी, आणि आता असिस्टंट प्रोफेसर म्हणून तिसरं वर्ष संपतंय. विभागप्रमुख म्हणतात, सहाव्या वर्षापर्यंत थांबू नकोस, चौथ्या वर्षीच टेन्युअरची, म्हणजे तिथे नोकरी कायम करण्यासाठी जी परीक्षा होते तिची, फाइल दे. तिच्या आईला, म्हणजे तुमच्या बहिणीला, भीती की नाकारलं तर पोरीला घरी परतावं लागेल. आणि तुमची शंका अशी की इथे फोंड्याला चांगली शिकलेली मुलं वर्षानुवर्षं लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिकेच्या मानधनावर, काढतात, मग हिने रांग मोडून पुढे जावं का?

मी अशाच एका विभागात सतरा वर्षं शिकवलं आणि बढतीच्या कमिटीवरही बसले. आता डिचोलीला परत आलेय. माझी स्वतःची फाइल चौथ्या वर्षी नामंजूर झाली होती, आणि सहाव्या वर्षी मंजूर. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

आधी रांगेचं बघू. टेन्युअर म्हणजे आपलं 'पर्मनंट होणं' नव्हे. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रोबेशन एका वर्षाचं, काम समाधानकारक नसेल तर फार तर आणखी एक वर्ष. म्हणजे जागा मिळाली की गाडी लवकर रुळावर येते. आपली वाट बघणं असतं ते जागेच्या आधी: जाहिरात कधी येते, ऑर्डर कधी निघते. तिथे उलटं. टेन्युअर-ट्रॅकची जागा आधी मिळते आणि परीक्षा नंतर होते, बहुतेक ठिकाणी सहाव्या वर्षी. प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, १९४० च्या निवेदनात प्रोबेशन सात वर्षांपेक्षा लांबू नये असं ठरवलं, आणि आजही बहुतेक विद्यापीठं त्याच चौकटीत चालतात. हो झालं तर नोकरी कायम. नाही झालं तर एक शेवटचं वर्ष देतात आणि मग बाहेर. यात एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची नसते, फाइल ठरलेल्या निकषांवर तोलली जाते. भाची लवकर गेली म्हणून तिच्या शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचं काहीच कमी होत नाही. तेव्हा ही रुखरुख तुम्ही मनातून काढून टाका.

उलट मला तर वाटतं, समाजकार्याच्या शिक्षकाला चौथ्या वर्षी टेन्युअर देणं यात 'लवकर' असं काही नाहीच. अमेरिकेत समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी जी परिषद आहे, सीएसडब्ल्यूई, तिचाच नियम आहे की प्रॅक्टिसचे विषय शिकवणाऱ्याकडे एमएसडब्ल्यूनंतर किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला किमान ९०० तास फील्डवर्क, बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे पदवीच्या, विद्यार्थ्याला ४००. म्हणजे हे शास्त्र वर्गाइतकंच वॉर्डात आणि वस्तीत शिकायचं, असं ही परिषदच म्हणते. पण टेन्युअरचं घड्याळ लावताना आधीची वर्षं धरायची झाली तर ती धरतात दुसऱ्या कॉलेजात शिकवल्याची. हॉस्पिटलातल्या आठ वर्षांची किंमत त्या घड्याळात शून्य. ज्या अनुभवाशिवाय तिला हे विषय शिकवायला उभं करता आलं नसतं, तोच अनुभव मोजायची वेळ आली की गायब! हा अन्याय आहे, आणि मी कमिटीवर असताना दर वर्षी तो बोलून दाखवलाय. आपल्याकडचं पहिलं समाजकार्याचं विद्यालय १९३६ साली मुंबईत निघालं, आज ज्याला आपण टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो ते. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट नागपाड्याच्या वस्तीत नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतलं सेवाकेंद्र, उभं करून मग त्या खुर्चीवर आले होते. या विषयात हाच क्रम नैसर्गिक आहे.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. अमेरिकेतल्या समाजकार्य विभागांना बालकल्याणाचं प्रशिक्षण देण्यासाठी फेडरल सरकारचा पैसा मिळतो. त्याला 'टायटल फोर-ई' म्हणतात, १९८० च्या कायद्यातून आलेला. तो पैसा येतो राज्याच्या बालकल्याण खात्यामार्फत. आता समजा, भाचीचं संशोधन सांगतं की मार खाणाऱ्या आईकडूनच मुलं काढून घेऊन हे खातं चूक करतंय. ते छापायचं कुणाच्या जोरावर? खातं विद्यापीठाला एक फोन करतं, डीन विभागप्रमुखांना बोलावतात आणि 'जरा सबुरीने घ्या' असा निरोप खाली येतो. टेन्युअर असलेली बाई तो निरोप ऐकून घेते आणि लेख पाठवते. नसलेली बाई लेख कपाटात ठेवते. मीही एक लेख दोन वर्षं कपाटात ठेवला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पगार आणि पद यांपेक्षा टेन्युअर यासाठी हवं, आणि वंचितांच्या बाजूने बोलणं हेच ज्या विषयाचं काम, त्यात ते जितकं आधी मिळेल तितकं चांगलं.

शिवाय दिवसही बदलताहेत. फ्लोरिडाने २०२२ साली टेन्युअर मिळालेल्यांचीही दर पाच वर्षांनी तपासणी करणारा कायदा केला. टेक्सासमध्ये २०२३ साली नव्या लोकांना टेन्युअरच द्यायचं नाही असं विधेयक सिनेटने मंजूर केलं होतं. शेवटी झालेल्या कायद्यात टेन्युअर राहिलं, पण वारं कुठून वाहतंय ते कळलं. भाची कोणत्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथली हवा तीच जास्त ओळखेल.

आता माझी फाइल का नामंजूर झाली ते सांगते, कारण भाचीच्या उपयोगाचं यातच सगळ्यात जास्त आहे.

शेल्टरमध्ये रात्रपाळीला येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी मी एक पुस्तिका केली होती. स्पायरल बाइंडिंगची, चौसष्ट पानं, अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश. रात्री दोन वाजता दार वाजलं आणि बाहेर लेकराला कडेवर घेतलेली बाई उभी असेल, तर पहिलं वाक्य काय बोलायचं, नाव विचारायचं की नाही, पोलिसांना कळवायचं ते तिला विचारून की न विचारता, लेकराला आधी खायला द्यायचं की झोपवायचं, असं सगळं त्यात होतं. तीन वर्षं शेल्टरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, तिथे राहून गेलेल्या बायकांना विचारून विचारून ती लिहिली. आसपासच्या आणखी शेल्टर्सनी ती मागून नेली. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं काम होतं. फाइलमध्ये ती मी शेवटच्या परिशिष्टात घातली आणि 'सेवा' या सदराखाली तिच्याबद्दल एक ओळ लिहिली. विभागाने एकमताने हो म्हटलं. वर कॉलेजच्या कमिटीत फाइल अडकली: शोधनिबंध चांगले आहेत, पण अजून दोन वर्षं दिली तर काम परिपक्व होईल. पुस्तिकेचा कुणी उल्लेखसुद्धा केला नाही, आणि त्याला कारण माझी ती एक ओळ.

दोन वर्षांनी गेले तेव्हा निबंध दोनच वाढले होते. पण या वेळी पुस्तिका 'संशोधन' या सदरात पहिल्या पानावर होती. ती कशी तयार झाली, कोण वापरतं, वापरल्यावर काय बदललं, हे दोन पानांत लिहिलं होतं. शेल्टरच्या माजी संचालिकेचं पत्र सोबत होतं. आणि बाहेरच्या परीक्षकांना निबंधांबरोबर पुस्तिकाही पाठवली होती. त्यांतल्या एकीने आपल्या पत्रात अर्धं पान फक्त तिच्यावर लिहिलं, असं मला नंतर विभागप्रमुखांनी सांगितलं. पुस्तिका तीच होती, चौसष्ट पानंही तीच.

पुढे कमिटीवर बसल्यावर कळलं की खरा निर्णय या पत्रांवर होतो. पाच-सहा, कधी आठ बाहेरचे प्राध्यापक, ज्यांचं उमेदवाराशी गुरू-शिष्याचं किंवा सहलेखकाचं नातं नाही, ते फाइल वाचून लिहितात. विभागातली माणसं तिला ओळखतात, तिचं शिकवणं बघतात. वरच्या कमिटीत बसतात ते रसायनशास्त्राचे, इतिहासाचे, इंजिनिअरिंगचे लोक. शेल्टरमधलं काम म्हणजे काय, हे त्यांना त्या पत्रांतूनच समजतं. म्हणून भाचीला माझा पहिला प्रश्न हा असेल: तुझं काम नुसतं वाचून, तुला न ओळखता, ठामपणे लिहू शकतील अशी सहा नावं तुझ्याकडे आजच्या घडीला आहेत का? असतील तर चौथं वर्ष चालेल. नसतील तर विभागप्रमुख कितीही आग्रह करोत, थांब.

सामाजिक कामाला काळ लागतो, ही अडचणही खरी आहे. आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या. मानसिक आरोग्यावर काम करणारी सांगाथ ही संस्था १९९६ साली सुरू झाली. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना मदत केली तर फरक पडतो का, याचा त्यांनी गोव्यात केलेला अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला २०१० साली. आज जगभर त्याचा दाखला देतात. टेन्युअरच्या घड्याळात असं काम बसतच नाही. म्हणून चालू असलेलं कामही फाइलमध्ये नीट दाखवावं लागतं: कुठवर आलंय, कुणाबरोबर चाललंय, काय हाती लागलंय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच मांडलं होतं की ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग करणं हीही विद्वत्ताच. समाजाबरोबर काम करणाऱ्या विद्यापीठांना मिळणारी मान्यता, म्हणजे कार्नेगीचं सामाजिक सहभागाचं वर्गीकरण, २००६ पासून आहे, आणि त्यासाठी अर्ज करताना अशा कामाची दखल तुम्ही बढतीत घेता का, असं विद्यापीठाला विचारतात. भाचीच्या विद्यापीठाकडे ते असेल तर तिने आपल्या निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करावा.

आता तुमच्या बहिणीची भीती. विभागप्रमुखांच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. विद्यापीठाची लेखी नियमावली काढून तीन गोष्टी बघायला सांगा. लवकर येणाऱ्याला निकष तोच की 'असामान्य कामगिरी' असा वरचा? नाकारलं तर ठरलेल्या वर्षी पुन्हा फाइल देता येते का? आणि मध्येच, वरच्या कमिटीकडे जायच्या आधी, फाइल मागे घेता येते का? बऱ्याच ठिकाणी लवकरचा नकार हिशेबात धरत नाहीत आणि नोकरी तशीच चालू राहते, माझीही राहिली. पण काही ठिकाणी एकदाच संधी असते, आणि तिथे मी भाचीला जाऊ देणार नाही.

व्हिसाचं वेगळं आहे. एच-वन-बी (कामाचा व्हिसा) आणि ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) टेन्युअरवर अडत नाही. ग्रीन कार्डाच्या प्राध्यापकांसाठीच्या ईबी-वन वर्गात टेन्युअर-ट्रॅकची जागासुद्धा चालते. ग्रीन कार्डासाठी लागणाऱ्या लेबर सर्टिफिकेशनचा (सरकारी कामगार खात्याच्या मंजुरीचा) शिक्षकांसाठीचा सोपा मार्ग मात्र निवड झाल्यापासून १८ महिन्यांतच वापरता येतो. तिच्या विद्यापीठाने तो वापरला का, हे तिने आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारावं. ते झालेलं असेल तर बहिणीची काळजी थोडी हलकी होईल, पण ती पहिली पायरी आहे, ग्रीन कार्ड नव्हे.

एक काम मात्र चौथं वर्ष असो की सहावं, आजच करायला सांगा. शेल्टरच्या आणि हॉस्पिटलच्या लोकांकडून पत्रं आत्ताच मागून घ्यायची. तिथली माणसं टिकत नाहीत. माझी संचालिका दरम्यान नोकरी सोडून ॲरिझोनाला गेली होती. तिचा पत्ता मिळवण्यात माझे चार महिने गेले, आणि फाइल द्यायच्या आदल्या आठवड्यात ते पत्र हातात पडलं.