मन लागत नाही, म्हणजे पाचारण नव्हतंच का?

"मॅडम, तिला परत बोलावून घेऊ का?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा आईकडून येतो. मुलगा किंवा मुलगी मिशनरी म्हणून सेवेसाठी परदेशी गेलेली असते, जाऊन जेमतेम महिना-दीड महिना झालेला असतो आणि रोज रात्री फोनवर रडारड चाललेली असते. नोकरीसाठी गेलेल्या मुलांचीही अशी तारांबळ उडते. पण नोकरीवाला वैतागला की म्हणतो, "इथे काही जमत नाहीये." तरुण मिशनरी म्हणतो, "देवाने मला बोलावलंच नव्हतं बहुतेक." घरची आठवण दोघांनाही येते. मिशनरीच्या डोक्यावर मात्र त्या आठवणीचा आध्यात्मिक निकालही बसतो, आणि माझ्या अनुभवात जास्त त्रास त्या निकालाचाच होतो.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. वय तेविशीच्या आसपास, दोन वर्षांच्या सेवेसाठी गेलेली. निघण्याआधी भाषेचं थोडं प्रशिक्षण झालं होतं. रविवारच्या उपासनेत वडीलजनांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. मंडळीतल्या, म्हणजे तिच्या चर्चमधल्या, काही कुटुंबांनी तिच्या खर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं कबूल केलं होतं. इतक्या लोकांनी हौसेने पाठवलेलं, त्यामुळे "परत जायचं तर कुठल्या तोंडाने?" हे वाक्य पहिल्याच भेटीत दोनदा आलं.

व्हिडिओ कॉलवर ती सुरुवातीला अगदी नीटनेटकं बोलली. तिथली माणसं चांगली आहेत, राहायची सोय चांगली आहे, देव विश्वासू आहे. मग मी विचारलं, "काल रात्री किती वाजता झोपलीस?" आणि बांध फुटला.

अशा वेळी मी श्रद्धेच्या प्रश्नाला लगेच हात घालत नाही. मी स्वतः ख्रिस्ती मंडळीत वाढले, तिची भाषा मला परकी नाही, पण समुपदेशकाने प्रवचनाला बसू नये असं माझं मत आहे. आधी झोप, जेवण, पाळी, वजन, औषधं. मिशनरींच्या बाबतीत औषधांचा प्रश्न मी कधीच गाळत नाही. हिवतापाच्या प्रदेशात जाणाऱ्यांना प्रतिबंधासाठी गोळ्या दिल्या जातात, आणि त्यातल्या मेफ्लोक्विनने काहींना भयानक स्वप्नं, अस्वस्थता, नैराश्य असे त्रास होतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. गोळीचा परिणाम आणि माणूस समजतो की आपली श्रद्धा डळमळली! तिची गोळी दुसरी होती, म्हणून तो मुद्दा तिथेच संपला. पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, तिथे कुणी त्रास देतं का, पासपोर्ट स्वतःकडे आहे का, हेही सरळ विचारलं. यातलं काही नव्हतं. असतं तर ही गोष्ट वेगळ्या वाटेने गेली असती.

मग उरलं काय? घरची आई जागी असेल ती वेळ तिथे मध्यरात्रीची. रोज दीड-दोन तास बोलणं, मग रडून झोप उडणं, आणि सकाळी सहाला सामूहिक प्रार्थना. दिवसभर घरोघरी भेटी. भेटीत सोबतची ज्येष्ठ मिशनरी बोलायची आणि ही हसून मान हलवायची. इकडे असताना युवक संघात हीच सगळ्यांत बोलकी, गाणी बसवणारी, संडे स्कूल शिकवणारी. तिथे चार वर्षांच्या पोरालाही तिच्यापेक्षा जास्त बोलता येत होतं. "मॅडम, मी तिथे मूर्ख वाटते. विनोद करता येत नाही मला," ती म्हणाली. हे फार खरं दुःख आहे आणि ते कुणी गंभीरपणे घेत नाही. माणसाची गंमत, हजरजबाबीपणा, समजूत घालण्याची हातोटी, सगळं भाषेत असतं. ती भाषा गेली की माणूस स्वतःलाच ओळखेनासा होतो. शिवाय परकी भाषा दिवसभर कान देऊन ऐकल्यावर डोकं इतकं शिणतं की संध्याकाळी बायबल उघडलं तरी अक्षरं लागत नाहीत. तिने त्याचा अर्थ लावला होता, "वचनाची गोडी गेली."

एकांतही नव्हता. खोली, जेवण, काम, प्रार्थना, सगळं सोबतीणीबरोबर. एकटं वाटणं आणि एकटं राहायला न मिळणं ही दोन्ही दुःखं एकाच वेळी भोगता येतात.

आता एक गंमत. निघण्याआधीच्या प्रशिक्षणात तिला एक आलेख दाखवला होता: आधी नवलाईचा आनंद, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. ही मांडणी कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाच्या नावावर आहे. १९५४ मध्ये रिओ दि जानेरोत त्यांनी यावर भाषण दिलं आणि १९६० मध्ये ते छापून आलं. छापलं ते नियतकालिकही मिशनरी मंडळी आवर्जून वाचत. म्हणजे हे चित्र त्यांच्या वर्तुळात पहिल्यापासून घरचंच. पण ही मुलगी उतरल्या दिवसापासून रडत होती. नवलाईचा आनंद तिच्या वाट्याला आलाच नाही. तिने काढलेला निष्कर्ष: "बाकीचे निदान आधी खूश असतात, माझी सुरुवातच चुकली." मी तिला सांगितलं की पुढच्या संशोधनाने ही चढउताराची रेघ फारशी उचलून धरलेली नाही. न्यूझीलंडमध्ये शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांची मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी वर्षभर पुन्हा पुन्हा पाहणी केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मनाचा त्रास सर्वांत जास्त आढळला तो पोचल्यावर लगेच. ती काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, "मग मला हे कुणी सांगितलं का नाही?" तिचं चुकलं नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तो आलेख दाखवायचा तर दाखवावा, पण पहिला महिना आनंदाचा असलाच पाहिजे असं सुचवू नये.

यापेक्षा अवघड होतं प्रार्थनापत्र. दर महिन्याला पाठीराख्या कुटुंबांना पत्र पाठवायचं: काय काम झालं, कशासाठी प्रार्थना हवी. पहिल्या पत्रात तिने हसऱ्या मुलांचा फोटो टाकला आणि "देव अद्भुत रीतीने चालवत आहे" असं लिहिलं. पाठवल्यावर स्वतःची किळस आली, म्हणाली. खरं लिहावं तर पैसे देणाऱ्यांना वाटेल वाया गेले. गोड लिहावं तर आपण ढोंगी. मला विचाराल तर पहिल्या तीन महिन्यांत नव्या मिशनरीकडून पत्र मागूच नये. पण ते माझ्या हातात नव्हतं. तिच्या हातात जे होतं त्यावर आम्ही बोललो: सगळं सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एक-दोन माणसं अशी हवीत ज्यांना सगळं ठाऊक आहे. तिने संडे स्कूलमधल्या जुन्या शिक्षिकेला निवडलं. पुढच्या पत्रात एकच ओळ खरी लिहायची ठरली: "भाषा कठीण जाते आहे, थकायला होतं, त्यासाठी प्रार्थना करा." तेवढ्याने कुणी पैसे थांबवले नाहीत. आणि तिची स्वतःची प्रार्थना? ती फक्त आभार मानत होती, तक्रार करणं पाप वाटत होतं. बायबलमधल्या तेराव्या स्तोत्रात दावीद राजा देवाला "कोठवर?" असं चार वेळा विचारतो, हे मी फक्त आठवून दिलं.

तिच्या पास्टरांनी धीर द्यायला विल्यम केरी या इंग्रज मिशनरींचं उदाहरण दिलं होतं. आपल्याला केरी १८०५ च्या मराठी व्याकरणामुळे माहीत. ते १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरले आणि कृष्ण पाल या पहिल्या बंगाली अनुयायाचा बाप्तिस्मा झाला १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं! उदाहरण चांगलंच आहे. महिन्याभरात फळ दिसलं नाही म्हणून घाबरणाऱ्याला ते जरूर सांगावं. पण मी त्याला दुसरी बाजू जोडते. केरींची बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती. १७९४ मध्ये त्यांचा लहानगा पीटर गेला, आणि त्यानंतर तिचं मन ढासळलं ते १८०७ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत सावरलं नाही. चिकाटीची गोष्ट सांगताना डोरोथीला वगळलं की "सोसत राहा" एवढाच सल्ला उरतो, आणि तो प्रत्येकाला देता येत नाही.

म्हणून आम्ही पाचारणाचा निर्णय तात्पुरता बाजूला ठेवला. तारीख ठरवली, सुमारे तीन महिन्यांनंतरची. त्या दिवशी राहायचं की परतायचं हे मोकळेपणाने ठरवायचं. तोवर रोज रात्री तो खटला चालवायचा नाही. मधल्या काळात करायचं ते साधंच होतं. संस्थेच्या तिथल्या प्रमुखांना झोपेचं आणि रडण्याचं सांगायचं (हे तिला सर्वांत जड गेलं, आणि त्यांनी ते सर्वांत सहज घेतलं). दुपारी अर्धा तास एकटीने बसायची मुभा मागायची. भेटीत निदान एक वाक्य आपण बोलायचं, ते आदल्या रात्री पाठ करून. भाषेशिवाय करता येईल असं एखादं काम शोधायचं. तिला पेटी येत होती, तिथे मुलांना सूर शिकवणं सुरू झालं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला आधी खायला घालतो आणि पुन्हा झोपू देतो, संवाद नंतर होतो. ही आठवण तिनेच काढली, मी नाही.

ठरलेल्या तारखेला तिने राहायचं ठरवलं. रविवारची दुपार तेव्हाही तिला खायला उठायची, अजूनही उठते. माझ्याकडे आलेला दुसरा एक मुलगा मात्र परत आला. त्याला खरंच नैराश्याचा आजार होता आणि उपचार घरीच होण्यासारखे होते. त्याच्या मंडळीत कुजबुज झाली. बायबलमध्ये योहान मार्क हाही सेवेच्या प्रवासात प्रेषित पौलाला पिर्गा इथे सोडून यरुशलेमला परतला होता, त्यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं पुढे वाजलंही. आणि तोच पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं सांगतो. कुजबुजणाऱ्यांना हे पाठ असतं, फक्त वेळेवर आठवत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे. रोजचे दोन तास कमी करा. मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चर्चमध्ये तरुण मिशनरींना घरी फोन करायची मुभा २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून साधारण दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. मग ती आठवड्याला एकदा झाली. वर्षातून दोनदा हे मला क्रूर वाटतं, रोज मध्यरात्री हे घातक. आठवड्यातून एक-दोनदा, तिच्या दिवसाच्या वेळी, ठरवून बोला. "नाही जमलं तर लगेच तिकीट काढते" असं पहिल्या फोनवर म्हणू नका. शिबिराला जाणाऱ्या मुलांच्या घरओढीवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बरही पालकांना हेच सांगतात: असं वचन दिलं की मुलाला कळतं, यांना माझ्यावर भरवसा नाही. मोठ्या झालेल्या मुलीला परतीचं दार बंद करू नका, पण त्यासाठी तारीख तिला ठरवू द्या.

ती रडली तर रडू द्या. "देवावर विश्वास ठेव" हे ती स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगतेच आहे. तुम्ही विचारा, काय खाल्लंस, कुणाशी बोललीस, आज कुठला नवा शब्द कळला. मात्र ती जगण्यात अर्थ नाही असं म्हणाली, सलग कित्येक रात्री झोपली नाही, खाणं सुटलं, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, किंवा फोन करायला आणि स्वतःचे कागद जवळ ठेवायला तिला तिथे बंदी आहे असं कळलं, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी संस्थेला फोन करा, डॉक्टर मागा, आणि गरज पडली तर तिला घेऊन या.