सकाळी दाखल, संध्याकाळी घरी

प्रश्न : वडिलांच्या (वय ६४) जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. सकाळी सातला बोलावलंय, संध्याकाळी घरी सोडणार म्हणतात. ‘रात्रीपासून उपाशी राहा’ एवढंच सांगितलंय. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गोळ्यांचं काय करायचं? दिवसभरात नेमकं काय काय होतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी चहाचं बोलू. ‘काही खाल्लं नाही, फक्त अर्धा कप चहा घेतला’ या एका वाक्यावर ऑपरेशन पुढे ढकललं जातं. दुधाचा चहा भूलतज्ज्ञांच्या हिशेबी जेवणातच मोडतो. जेवण, दूध, चहा-बिस्किट यांना सहा तास. तळलेलं किंवा मटण खाल्लं असेल तर आठ. साधं पाणी मात्र साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. भूल दिल्यावर ठसका लागण्याची क्षमता जाते आणि पोटातलं उलटून फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून ही सक्ती. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची ठरली असली तरी उपाशीच राहायचं. ती अपुरी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते. पाण्याची मुभा किती वाजेपर्यंत, ते रुग्णालयाला फोन करून विचारा. वडील चुकून चहा प्यायलेच, तर लपवू नका.

बीपीची गोळी सहसा पहाटे घोटभर पाण्याबरोबर घेतात. पण टेल्मिसार्टनसारखी काही औषधं थांबवायला सांगतात. शुगरची गोळी उपाशीपोटी घेऊ नये. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेली गोळी असेल तर आजच विचारा. ती तीन-चार दिवस आधी बंद करतात, नाहीतर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पाकिटांसकट सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, तोंडी नावं सांगण्यात घोळ होतो.

जांघेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याने त्वचेला बारीकसं कापलं गेलं तरी ऑपरेशनच्या जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. रुग्णालयात ते मशीनने कापतात. कवळी, अंगठी, साखळी घरीच ठेवा. तिथे संमतीपत्र, बीपी-शुगर, हाताला सलाईन आणि ऑपरेशनच्या बाजूला मार्करने खूण. नाव काय आणि बाजू कुठली हे चार जण चारदा विचारतील. वैतागू नका, तेच हवं असतं. ऑपरेशन साधारण तासाभराचं, पण आत नेण्यापासून बाहेर आणेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात.

कमरेतली भूल असेल तर पाय काही तास जड राहतात. पहिल्यांदा उठताना नर्सला बोलवा, चक्कर येऊन पडणं तिथेच होतं. आणि लघवी झाल्याशिवाय घरी जायची घाई नको. या वयात प्रोस्टेटमुळे ती अडू शकते, मग तात्पुरती नळी घालावी लागते.

घरी त्या रात्री मोठं माणूस सोबत हवंच. चोवीस तास गाडी, दारू आणि सह्यांचे व्यवहार बंद. वृषणाला थोडी सूज, निळसरपणा येतो; त्याने घाबरू नका. पट्टी रक्ताने भिजणं, ताप, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणं यासाठी मात्र सकाळची वाट पाहू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो.

प्रश्न : चोवीस तास दाखल नसलो तर विमा मिळतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पॉलिसीत ‘डे-केअर’ उपचार असतील तर चोवीस तासांची अट लागत नाही, आणि हर्निया, मोतीबिंदू त्यात सहसा असतात. प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही तो काळ) संपलाय का, तेवढं आधी पाहा. कॅशलेससाठी दोन-तीन दिवस आधी रुग्णालयाच्या विमा खिडकीवर पूर्वमंजुरीचा अर्ज द्या. डिस्चार्ज कार्ड नक्की मागून घ्या. नुसत्या ओपीडीच्या पावतीवर दावा अडतो.